चिमणीची अंडी काढून टाकायची का? (ओहायोतला ब्लूबर्ड ट्रेल)

मुक्ता_ओहायो | १९ एप्रिल

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही कोलंबसच्या उत्तरेला पाऊण तासावर राहतो. घरामागचं गवत संपलं की मका-सोयाबीनची शेतं सुरू. त्या शेतांच्या कडेने, एका जुन्या चर्चच्या दफनभूमीला वळसा घालून एक खडीचा रस्ता जातो. त्यावर ब्लूबर्ड या लहान निळ्या पक्ष्याने घरटं करावं म्हणून ओळीने १४ लाकडी पेट्या लावल्या आहेत. अशा ओळीला ट्रेल म्हणतात. इथे सगळे बॉक्सच म्हणतात, मीही तेच म्हणते. शेजारचे आजोबा गेली १९ वर्षं हे बॉक्स सांभाळत होते. हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मार्चमध्ये त्यांनी मला एक स्क्रूड्रायव्हर, एक वही आणि दाढी करायचा गोल आरसा आणून दिला. म्हणाले, आता तू.

काम सोपं आहे. दर शनिवारी जायचं, बॉक्सवर बोटाने टकटक करायचं (आत कोणी असेल तर उडून जायला वेळ मिळावा म्हणून), बाजूची फळी उघडायची, आत काय आहे ते वहीत लिहायचं, फळी लावायची आणि पुढे जायचं. बॉक्स ९ मध्ये पहिल्यांदा आरसा धरला तेव्हा वाळक्या गवताची इतकी सुबक वाटी होती, की कुणीतरी क्रोशाने विणली असावी असं वाटलं. तिच्यात पाच अंडी. निळी. आभाळाचा निळा नव्हे, पाटीपूजनाच्या जुन्या फिक्या निळ्या खडूचा निळा. मी रस्त्यातच मटकन बसले.

आता प्रश्न. बॉक्स २ मध्ये चिमणीने घर केलंय. अगदी आपली चिमणी, तीच. वर काळ्या दाढीचा चिमणा बसून चिवचिवतो. आत गवत, पेंढा, कोंबडीचं पीस आणि कुठल्याशा दुकानाची पावती, असा सगळा भंगारबाजार, आणि त्यात करडे ठिपके असलेली चार अंडी. आमच्या भागातल्या ट्रेलचं काम बघणाऱ्या बाईंना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, काढून टाक, घरटं आणि अंडी दोन्ही. बॉक्स ५ वरही एक चिमणा घिरट्या घालतोय, तिथे ब्लूबर्डची जोडी नुकतं गवत आणू लागली आहे.

मी फळी उघडून पाच मिनिटं उभी राहिले आणि परत लावून घरी आले. लहानपणी प्रत्येक दुसरा घास जिच्या नावाने खाल्ला तिची अंडी कशी काढायची? त्यात आई मार्चपासून वाईहून इथे आलेली आहे. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून चिमणीचं घर मोडायला आलीस होय अमेरिकेत?"

तुम्ही काय केलं असतं?

खवट_शेंगदाणा | १९ एप्रिल

"चिऊताई चिऊताई, दार उघड."
"थांब, माझ्या बाळाला तीट लावते."
"दार उघड, माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे."

(दिवा घ्या)

पाखरवेडा | १९ एप्रिल

वाचून वाईट वाटलं. मी अकोल्यात राहतो. आम्ही पाच-सहा जण दरवर्षी उन्हाळ्याआधी सुताराकडचे तुकडे गोळा करून चिमण्यांसाठी खोकी बनवतो आणि वाटतो. २० मार्चला चिमणी दिवस करतो. हा दिवस २०१० पासून जगभर पाळतात, आणि सुरू केला तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावरांच्या संस्थेने. एका खोक्यात चिमणी आली तर त्या घरची पोरं आम्हाला पेढे देतात हो! आणि तुम्ही तिकडे तीच अंडी उचलून फेकायच्या गोष्टी करताय. जास्त झाल्या असतील तर पार्सल करा, पोस्टेज मी भरतो.

अनिकेत_एनसी | २० एप्रिल

पाखरवेडा, तुमचा राग समजतो, पण तिकडची चिमणी आणि इकडची चिमणी एकाच जातीची असली तरी गोष्ट वेगळी आहे. इथे नॉर्थ कॅरोलिनात, रॅलेजवळ माझे सहा बॉक्स आहेत, आठ वर्षं झाली. जरा सविस्तर लिहितो.

चिमणी अमेरिकेची नाहीच. १८५० च्या सुमारास न्यूयॉर्कला, ब्रुकलिनमध्ये, इंग्लंडहून आणून सोडली. झाडांवरच्या अळ्या खाईल म्हणून. अळ्यांपेक्षा तिला घोड्यांच्या लिदीतले दाणे आवडले आणि पन्नासेक वर्षांत ती या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पोचली. १८९० मध्ये सेंट्रल पार्कात स्टार्लिंग सोडले (आपल्या भोरडीचे चुलतभाऊ). दोघेही ढोलीत घर करणारे. ब्लूबर्डही ढोलीत राहतो, पण त्याची चोच सुताराची नाही, त्याला दुसऱ्याने कोरलेली ढोली लागते. मग शेतकऱ्यांनी वाळकी झाडं तोडली, लाकडी खांब काढून लोखंडी लावले, वर फवारण्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा पक्षी बऱ्याच ठिकाणी दिसेनासा झाला होता. इलिनॉयच्या क्विन्सी गावात मसलमन नावाच्या गृहस्थांनी १९३४ मध्ये रस्त्याकडेने ओळीने पेट्या लावायला सुरुवात केली, ट्रेल हा प्रकार तिथून आला. पुढे १९७८ मध्ये लॉरेन्स झेलेनींनी ब्लूबर्डसाठी देशव्यापी संस्था काढली. आज ब्लूबर्ड पुन्हा दिसतो तो मुख्यतः अशा वह्या घेऊन फिरणाऱ्या आजोबांमुळे.

बॉक्सचं भोक दीड इंचाचं असतं. त्यातून स्टार्लिंग शिरत नाही. चिमणी शिरते. ब्लूबर्ड शिरेल पण चिमणी शिरणार नाही असं भोक कोणालाही जमलेलं नाही, सगळा घोळ तिथेच आहे. आणि चिमणा नुसती जागा अडवत नाही. तो आत शिरून अंडी फोडतो, पिल्लं मारतो, कधी अंड्यांवर बसलेल्या मादीलाही. मादीला बाहेर पळायला एकच भोक, आणि त्यात तो उभा.

कायद्याचं म्हणाल तर १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली इथल्या मूळच्या पक्ष्यांचं अंडं, घरटं, अगदी पीससुद्धा हलवता येत नाही. चिमणी आणि स्टार्लिंग त्यात येत नाहीत.

मुक्ता, तुमच्या बाई बरोबर सांगतायत. फक्त एक: नुसतं घरटं उपसून टाकलंत तर चिमणा चिडून शेजारच्या बॉक्समध्ये घुसतो. त्याचा जीव त्या बॉक्सवर जडलेला असतो, बायकोवर नाही.

खवट_शेंगदाणा | २० एप्रिल

पुण्यातल्या फ्लॅटबद्दल लिहिताय असं वाटलं शेवटचं वाक्य वाचून.

सुमनताई_कराड | २० एप्रिल

आमच्या माजघरात गांधीजींच्या फोटोमागे चिमण्या असायच्या. फोटो भिंतीपासून वर तिरका, खाली टेकलेला, मध्ये त्यांचा वाडा. ताटात काड्या पडायच्या. सासूबाई फोटो पुसायला हात लावू द्यायच्या नाहीत, "आत बाळंतीण आहे" म्हणायच्या. पंख्याला लागून एखादी मरायची तेव्हा घरात कोणी जेवायचं नाही नीट. आता फोटो भिंतीला चिकटून लावतात, पंखे आहेत, चिमण्या नाहीत.

मुक्ता, तुझ्या आईचं मला पटतं. पण अनिकेतने लिहिलेलं वाचून रात्री झोप आली नाही हेही खरं.

तर्कटपंत | २० एप्रिल

एक मूलभूत प्रश्न. १७० वर्षं राहिलेली चिमणी अजून परकी? मग २००४ साली एच-वनवर गेलेली मंडळी कोण? तुम्ही सगळे बाहेरून आलेले लोक बाहेरून आलेल्या पक्ष्याला हुसकावताय, यात कोणालाच गंमत वाटत नाही?

नीरजा_ऑस्टिन | २० एप्रिल

पंत, मी कोणाच्या घरात घुसून त्यांची अंडी फोडली नाहीत. भाडं भरते.

मुक्ता_ओहायो | २१ एप्रिल

पंत, गंमत वाटते ना, फार वाटते. काल दफनभूमीपाशी एक बाई भेटल्या, त्यांनी विचारलं काय करतेस. मी म्हटलं इथल्या मूळच्या पक्ष्यांना मदत. त्यांनी माझ्याकडे, मग बॉक्सकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. पण पक्ष्याला माणसाची उपमा लावायला मी तयार नाही. चिमणीची काहीच चूक नाही. तिला आणून सोडणाऱ्यांची आहे आणि ते आता कुठे सापडणार?

सुमनताई, "आत बाळंतीण आहे" आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ फोटोबद्दलच बोलत होती. त्यांच्याकडे फोटो टिळकांचा होता.

शुभदा_मेलबर्न | २१ एप्रिल

आमच्याकडे साळुंकी! १८६२ च्या सुमारास इथे मेलबर्नमध्ये सोडली, भाजीच्या मळ्यातले किडे खायला. आता देशी पोपटांच्या ढोल्या बळकावते म्हणून तिचं नाव काढलं तरी लोक तोंड वाकडं करतात. आणि नाव काय, तर "इंडियन मायना". मुलाच्या शाळेत एका प्रकल्पात तिचा फोटो आणि खाली "कीड" असं लिहिलेलं. तो घरी येऊन म्हणाला, आई, आजीच्या अंगणात येते ती हीच ना? मी त्याला म्हटलं, हो, तिथे ती साळुंकी आहे.

रच्याकने, अंडी नाही तर पिंजरे लावतात इथे. मी नाही लावला. पण घराच्या पन्हाळीची भोकं जाळीने बंद केली. तेवढं जमलं.

देवगडकर | २१ एप्रिल

ढोलीची टंचाई आपल्याकडेही आहे, फक्त भांडण वेगळं. धनेशाला केवढी ढोली लागते विचार करा. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर महिनोन् महिने फळं आणून भरवतो. असं झाड शंभर वर्षांचं असावं लागतं. ती झाडं आता देवरायांत उरलीत, आणि देवराईत देऊळ मोठं बांधायचं ठरलं की पहिलं तेच झाड जातं. तिथे खोकं लावून काय होणार?

खवट_शेंगदाणा | २१ एप्रिल

नर महिनोन् महिने फळं आणून भरवतो हे बायकोने वाचलंय. देवगडकर, तुमचा पत्ता द्या.

ऋचा_पी | २१ एप्रिल

अवांतर: ब्लूबर्डला मराठीत काय म्हणायचं? नीलपंख म्हणता येणार नाही, तो आपल्याकडचा वेगळा.

पाखरवेडा | २१ एप्रिल

बरोबर, नीलपंख म्हणजे रोलर, दसऱ्याला दर्शन घेतात तो. ब्लूबर्ड कस्तुराच्या कुळातला आहे. पाठ निळी, छाती तांबूस विटकरी, पोट पांढरं. चितमपल्लींनी पक्ष्यांची गावोगावची नावं गोळा केली, पण हा आपल्याकडे येतच नाही तर गावाने नाव कशाला ठेवावं? "निळा कस्तुर" म्हणा हवं तर.

ऋचा_पी | २१ एप्रिल

निळा कस्तुर छान आहे.

खवट_शेंगदाणा | २१ एप्रिल

निळू. निळूभाऊ. छातीला विटकरी बंडी, गावातून हिंडतोय, जागेच्या वादात अडकलाय. झालं नाव.

अनिकेत_एनसी | २२ एप्रिल

निळूभाऊ चालेल :-) एक मजा सांगतो. त्याच्या पिसात निळा रंगच नसतो. पिसाच्या बारीक रचनेतून प्रकाश असा फाकतो की निळा दिसतो. पीस कुटलं तर निळं नाहीसं होतं. ढगाळ सकाळी तारेवर बसलेला हाच पक्षी करडा मातकट दिसतो, ऊन आलं की एकदम पेटतो.

आता एक कबुलीजबाब. कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी बॉक्समध्ये ठिपक्यांची अंडी दिसली. ठिपके म्हणजे चिमणी, या हिशेबाने सगळं उपसून कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी कचऱ्याकडे पुन्हा बघितलं तर घरटं शेवाळाचं होतं. चिमणी शेवाळ आणत नाही. ते चिकॅडीचं होतं, इथला अगदी मूळचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. दोघं दुसऱ्या दिवशीही त्या रिकाम्या बॉक्सपाशी येत होते, चोचीत अळी घेऊन नर, तिला द्यायला. म्हणून मुक्ता, अंड्यावर जाऊ नका, घरटं बघा. शेवाळ असेल तर चिकॅडी. काटक्या खच्चून भरल्या असतील तर रेन (हाही इथला एक छोटा पक्षी). गवतावर पांढरी पिसं पसरलेली असतील तर ट्री स्वॉलो. गवताची नीट वाटी म्हणजे आपला निळूभाऊ. आणि भंगारबाजार म्हणजे चिमणी. निळूभाऊची अंडी क्वचित पांढरीशुभ्रही असतात, तेव्हाही घाबरू नका. खात्री होईपर्यंत हात मागे. मी तेव्हापासून आधी फोटो काढतो, एक दिवस थांबतो, मग ठरवतो.

नीरजा_ऑस्टिन | २२ एप्रिल

@मुक्ता, एक विचारू? बॉक्स २ तुझ्या घराच्या किती जवळ आहे? आणि आसपास कोणी दाणे टाकतं का? आमच्या इथे एकाने स्वस्तातलं मिश्र धान्य टांगलं, बाजरी आणि मक्याचा भरडा, तर महिन्यात चिमण्या तिप्पट. ते बंद केलं तर निम्म्या गेल्या.

मुक्ता_ओहायो | २२ एप्रिल

नीरजा!!! थांब.

मुक्ता_ओहायो | २३ एप्रिल

हसून हसून पोट दुखलं, आणि जरा रडूही आलं.

बॉक्स १ आणि २ आमच्या परसदारापासून जेमतेम दीडशे पावलांवर आहेत. आज सकाळी साडेसहाला मी मुद्दाम उठून खिडकीत उभी राहिले. मातोश्री शाल गुंडाळून डेकवर आल्या. हातात वाटी. रात्रीचा भात, थोडी पोळी कुस्करलेली. कठड्यावर ओळीने शितं मांडली आणि "या गं बायांनो" म्हणाल्या. तीस तरी चिमण्या. आईने एकीचं नावसुद्धा ठेवलंय, शेपटीचं एक पीस मोडकं आहे तिचं.

मार्चपासून रोज चालू आहे. मी आठला उठते, मला पत्ताच नाही.

विचारलं तर म्हणाली, "तुझ्या या गावात माणूस दिसत नाही दिवसभर. ह्या तरी येतात. ह्या वाईच्याच वाटतात."

यावर मी काय बोलणार?

सुमनताई_कराड | २३ एप्रिल

काही बोलू नकोस गं.

तर्कटपंत | २३ एप्रिल

म्हणजे ट्रेलवरच्या चिमण्यांना निधी पुरवणारी परदेशी शक्ती तुमच्याच डेकवर होती. मी माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो, याच्यापुढे तो फिका आहे.

अनिकेत_एनसी | २४ एप्रिल

मुक्ता, एक मधला मार्ग सांगतो. अंडी काढू नका, त्यांना तेल लावा. खाण्याचं कुठलंही तेल, बोटाने सगळीकडून पातळ थर. कवचाची बारीक छिद्रं बुजतात, आत हवा जात नाही, अंडं वाढत नाही. चिमणीला कळत नाही, ती बसून राहते, चिमणाही त्याच बॉक्सला धरून राहतो, शेजारी धाड घालत नाही. दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्यात आजूबाजूच्या ब्लूबर्डची पिल्लं मोठी होतात. अंडी ताजी असतानाच करायचं. तुमची १९ तारखेला होती, म्हणजे या शनिवारी शेवटची संधी. त्यानंतर पिल्लं निघतील आणि मग कोणाच्याच हाताने काही होणार नाही. माझ्या तर नाहीच.

बॉक्स ५ वर ब्लूबर्डचं पहिलं अंडं पडलं की छतावर चमकत्या पट्ट्या टांगा, वाऱ्याने हलणाऱ्या. चिमण्या बिचकतात, ब्लूबर्डची मादी अंड्यांच्या ओढीने येतेच. अंड्याआधी लावल्यात तर तीही जाईल.

खवट_शेंगदाणा | २४ एप्रिल

तेल शेंगदाण्याचं चालेल का? माझ्या आयडीची इज्जत आहे.

पाखरवेडा | २५ एप्रिल

मी थोडा शांत झालोय. तरी एक लिहितो. सलीम अलींनी लहानपणी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एका चिमणीच्या घरट्याजवळचा नर छऱ्याच्या बंदुकीने मारला. मादीने दुसरा नर आणला. तोही मारला. त्यांच्या त्या वेळच्या टिपणात आहे: सात दिवसांत आठ नर, दर वेळी नवा हजर. तेव्हा ते शिकारीचं कौतुक म्हणून लिहिलं होतं, साठ वर्षांनी ते छापून आलं ते निरीक्षण म्हणून. सांगायचं काय, चिमण्या मारून संपत नाहीत. खाणं आणि जागा, दोन्ही जिथे मिळतं तिथे येणारच.

आणि एक प्रामाणिकपणे सांगतो, आपल्या देशातही चिमणी संपत चाललीय असं मी वर सुचवलं, ते पूर्ण खरं नाही. २०२० च्या देशभरच्या पक्षी अहवालात तिची संख्या एकूण साधारण स्थिर दिसते, मोठ्या शहरांत मात्र घटलेली. अकोल्यात आम्हाला कमी दिसते म्हणून आम्ही खोकी लावतो.

मुक्ता_ओहायो | २६ एप्रिल

केलं. बॉक्स २. मादी टकटक ऐकून उडाली आणि समोरच्या तारेवर बसून बघत राहिली. अंडी कोमट होती. ते कोणी सांगितलं नव्हतं. हातमोजा काढून एकेक अंडं धरलं, तेल लावलं, परत ठेवलं. मी तारेपासून दहा पावलं गेले असेन तोवर ती आत.

तेल शेंगदाण्याचंच होतं. घरात दुसरं नव्हतं.

मुक्ता_ओहायो | १० मे

हे लिहू की नको असं चाललं होतं.

बॉक्स ५ मध्ये गेल्या शनिवारी चार निळी अंडी होती. पट्ट्या टांगायच्या होत्या. आणल्या होत्या, गाडीत होत्या. पाऊस होता, म्हटलं उद्या येऊ. रविवारी पाहुणे आले. मग राहिलंच.

आज टकटक केलं, कोणी उडालं नाही. फळी उघडली. वरून पेंढा, पिसं, प्लास्टिकची दोरी. भंगारबाजार. तो बोटाने बाजूला केला तर खाली ती होती. पंख पसरून, वाटीवर बसलेली तशीच. डोक्यावरची पिसं गेलेली, डोळ्याची जागा... असो. तिच्या अंगावरच घर बांधायला घेतलं होतं.

पाठीचा निळा रंग तसाच होता. उन्हात धरली तर पेटला.

सगळं काढलं. पेंढा, दोरी सगळं. त्या वेळी चिमणा तारेवर ओरडत होता आणि मला एक क्षणही वाईट वाटलं नाही, याचं मात्र घरी आल्यावर वाटलं.

अनिकेत_एनसी | १० मे

ज्याने ट्रेल सांभाळलाय त्या प्रत्येकाने हे एकदा पाहिलंय. पट्ट्यांचं मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या जोड्या आहेत, हंगामात दोनदा-तीनदा अंडी घालतात. बॉक्स धुवा आणि तसाच मोकळा ठेवा.

पाखरवेडा | ११ मे

काही लिहायला सुचत नाही. वाचलं.

नीरजा_ऑस्टिन | ११ मे

आईंना सांगितलंस?

मुक्ता_ओहायो | १२ मे

सांगितलं नाही, दाखवलं. आधी दाखवणार नव्हते, पण ती अंगणात उभी होती आणि माझ्या हातात टोपली होती. तिने बघितलं, पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "पुरून टाक, मांजर नेईल." तुळशीच्या कुंडीजवळ पुरली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, चिमणीला शिव्या देईल किंवा मला. काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर वाटी नव्हती. त्यानंतरही नाही. पण दुपारी विचारते, "खारीला शेंगदाणे घातले तर चालतं का गं?"

देवगडकर | १३ मे

खारी पण बॉक्सची भोकं कुरतडून मोठी करतात असं ऐकलंय. आईंना सांगू नका.

अनिकेत_एनसी | १३ मे

करतात. भोकाभोवती पत्र्याची चकती ठोका. आणि खांब लोखंडी असेल तर त्यावर धुराड्याच्या पत्र्याचा दोन फुटी पाइप घाला, साप आणि रॅकून चढत नाहीत. खारीचं मी आईंपासून लपवतो.

शुभदा_मेलबर्न | ३० जून

धागा वर काढते. मुक्ता, पुढे काय झालं? बॉक्स २ मधली बाई उठली का?

मुक्ता_ओहायो | १ जुलै

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली. तेवीस-चोवीस दिवस बसली असेल. अंडी काढताना हात जड झाला. जूनमध्ये कोणीतरी परत आली, पुन्हा तेल. पण कठड्यावरचा भात थांबल्यावर गर्दी खरंच कमी झाली, आता पाच-सहा येतात, त्याही रिकाम्या हाती जातात. बॉक्स १ मध्ये ट्री स्वॉलो राहिले, कोंबडीची पांढरी पिसं लावून. बॉक्स ५ तसाच मोकळा.

तेल, पट्ट्या आणि भात या तिघांत सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर भात बंद करण्याचा. माझ्या प्रश्नात तो नव्हताच.

तर्कटपंत | १ जुलै

म्हणजे अंडी काढायची की नाही, या प्रश्नाचं उत्तर "आईला सकाळी कंपनी द्यायची" असं निघालं.

मुक्ता_ओहायो | १ जुलै

साडेसहाला उठते आता. हो.

पाखरवेडा | ४ जुलै

मुक्ताताई, एक मदत. आमच्या इथल्या शाळेच्या आवारात दयाळ येतो, तोही ढोलीतला. यंदा चिमण्यांच्या खोक्यांबरोबर त्याच्यासाठी दोन वेगळी बनवतोय, भोक जरा मोठं. बाजूची फळी उघडणारी कशी करता, खिळ्यावर की बिजागरीवर? फोटो टाकाल का? आमची खोकी वर्षानुवर्षं कोणी उघडलीच नाहीत, आत काय चाललंय ते आम्हाला माहीतच नाही.

मुक्ता_ओहायो | २६ जुलै

फोटो तुमच्या विपूत (विचारपुशीत) पाठवलेत. दोन खिळे वर आरपार, फळी त्यांवर फिरते, खाली एक स्क्रू. बिजागरी गंजते.

बॉक्स ९ मध्ये तिसऱ्या खेपेची चार पिल्लं आहेत, अकरावा दिवस. आता यापुढे उघडायचं नाही, तेराव्या दिवसानंतर उघडलं तर घाबरून वेळेआधी उड्या मारतात. म्हणून आज आईला घेऊन गेले. ती पहिल्यांदाच आली ट्रेलवर. काठी टेकत, दफनभूमीतल्या प्रत्येक दगडावरचं नाव मला वाचायला लावत. पोचायला पाऊण तास लागला.

तिला मान उंच करता येत नाही म्हणून आरसा तिच्या हातात दिला. मी फळी उघडली. चारही माना एकदम वर, चार पिवळी तोंडं. पंखांच्या कडेला नुकती निळी रेघ.

ती बराच वेळ आरसा धरून होती. हात थरथरत होता म्हणून पिल्लंही थरथरताना दिसत होती. मग म्हणाली, "अगं, तोंडं तर तशीच आहेत की."

मी फळी लावली. येताना बॉक्स २ पाशी थांबली, बोटाने टकटक केलं, आणि आतून कोणी उडतंय का बघत उभी राहिली.